'वॅगन व्हील ज्यो' म्हणजे हॉलिवूडचा दिग्दर्शक जोसेफ लुईस, थोडी पार्श्वभूमी

१९३०च्या दशकात अमेरिकेत एका तिकिटात दोन सिनेमे दाखवायची पद्धत पडली, एक मोठ्या स्टारचा आणि जोडीला तासाभराचा स्वस्तातला. हा दुसरा बऱ्याचदा वेस्टर्न, म्हणजे काउबॉयपटच, कारण घोडे, टोप्या, लाकडी गावाचा सेट सगळं स्टुडिओत आयतं पडलेलं असायचं. थिएटरवाले त्याचं ठरावीक भाडं द्यायचे, सिनेमा भारी असो नाहीतर टुकार, मग जास्त पैसे कोण कशाला घालेल?

१९३७मध्ये युनिव्हर्सल स्टुडिओत लुईसच्या वाट्याला हेच आलं, बॉब बेकर नावाचा गाणारा काउबॉय, मोजके दिवस आणि त्याच त्या घिस्यापिट्या स्टोऱ्या. लुईस मूळचा एडिटर, त्यामुळे दोन माणसं नुसती उभ्याउभ्या बोलतायत असा सीन आला की वैतागायचा, मग सरळ घोडागाडीचं चाक कॅमेऱ्यापुढे ठेवून आऱ्यांमधून शॉट घ्यायचा, त्यासाठी वेगवेगळी चाकं सोबत बाळगायचा म्हणे. त्यावरून चिडवायला नाव पडलं 'वॅगन व्हील ज्यो'.

लोक हसले, पण नजर तीच होती जी १९५०च्या 'गन क्रेझी'त दिसते. तो वेस्टर्न नाही, पण त्यातला बँक दरोडा बघाच. कॅमेरा गाडीच्या मागच्या सीटवर, तीनेक मिनिटांचा एकच शॉट, गावात शिरणं, पार्किंग शोधणं, बाहेर पोलिसाशी गप्पा आणि पळ काढणं, सगळं त्यात. बँकेच्या आत कॅमेरा जातच नाही, म्हणजे आतल्या सेटचा खर्चही वाचला!

पुढे टीव्ही आला आणि स्वस्त वेस्टर्नचा बाजारच उठला. लुईसचा शेवटचा सिनेमा १९५८चा 'टेरर इन अ टेक्सास टाउन', त्यात स्वीडिश खलाशी झालेला स्टर्लिंग हेडन पिस्तुलवाल्यापुढे व्हेल मारायचा भाला घेऊन उभा राहतो, ऐकायला येडपट पण पडद्यावर जबरदस्त. पडद्यामागचं राजकारण त्याहून भारी, स्क्रिप्ट डाल्टन ट्रम्बोची, तो कम्युनिस्ट म्हणून ब्लॅकलिस्टवर, म्हणजे हॉलिवूडने काम द्यायचं नाही अशांच्या यादीत असल्याने क्रेडिट दुसऱ्याच्या नावावर. व्हिलन नेड्रिक यंग, तोही ब्लॅकलिस्टवर. आणि हिरो हेडनने १९५१मध्ये अमेरिकी संसदेच्या कमिटीसमोर कम्युनिस्ट म्हणून सहकाऱ्यांची नावं सांगितलेली!

त्यानंतर लुईस टीव्हीवरच गेला, 'द रायफलमन' या वेस्टर्न मालिकेचे ढीगभर एपिसोड केले, अर्ध्या तासाचे, ब्लॅक अँड व्हाइट, तेवढ्याच घाईत. १९६६च्या सुमारास काम थांबवलं, २०००मध्ये गेला. मोठं बजेट त्याला कधी कुणी दिलंच नाही.