नाव तेच, रोप वेगळे : बागेतल्या नेच्यांच्या वादाची पार्श्वभूमी

ब्रिटनमधल्या नर्सरीतून 'व्हिक्टोरिए' असे लेबल लावलेली लेडी फर्नची (नेच्याच्या, म्हणजे फर्नच्या, एका जातीची) कुंडी घेतली, तर हाती नेमके काय लागेल याची खात्री लेबल देत नाही. हा घोळ आजचा नाही. बर्फाळ हिवाळा उघड्यावर काढणाऱ्या नेच्यांचा शौक जितका जुना, जवळजवळ तितकाच तोही जुना आहे.

त्याआधीचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. जमैकातल्या एका शल्यचिकित्सकाने बीजाणू (नेच्याला बी नसते, त्याऐवजी येणारे धुळीसारखे कण) रुजवण्याची रीत १७९४ मध्ये छापली. १८२९ मध्ये लंडनच्या एका डॉक्टरला बंद बाटलीत नेचा आपोआप उगवलेला दिसला आणि त्यातून काचपेट्या निघाल्या. (चीनमधून हिमालयाच्या पायथ्याशी चहाची रोपे आली तीही अशाच पेट्यांतून.) १८४५ मध्ये ब्रिटनमध्ये काचेवरचा कर उठला, काच स्वस्त झाली आणि पुढच्या दशकात नेच्यांचे वेड घरोघरी पोचले. लोक टोपल्या, खुरपी घेऊन डोंगर पालथे घालू लागले. किलार्नी नेचा तर त्यांनी जवळजवळ संपवला. रानातले झाड मालकाच्या परवानगीशिवाय उपटण्यावर बंदी आली ती थेट १९८१ च्या कायद्याने.

या शौकिनांना साधा नेचा नको असे. टोकाला झुपके आलेला, कडा मुरडलेला, पान दुभंगलेला, असा काहीतरी 'वेगळा' तुकडा कुंपणाच्या कडेला सापडला की त्याला लांबलचक लॅटिन नाव मिळे. 'प्लुमोसोमल्टिलोबम' हे त्यातलेच एक, आणि ते आजही लेबलांवर छापले जाते.

१८६१ मध्ये स्कॉटलंडमधल्या ड्रायमेन गावाजवळ एका विद्यार्थ्याला लेडी फर्नचे असेच एक झाड दिसले. त्याच्या पानाची प्रत्येक पर्णिका देठापाशीच दोन फाट्यांत फुटते. एक फाटा वर जातो, एक खाली, आणि समोरच्या बाजूच्या जोडीशी मिळून मधल्या शिरेवर फुली तयार होते. पानभर खालपासून वरपर्यंत अशा फुल्याच फुल्या, आणि प्रत्येक टोकाला बारीक झुपका. त्याला व्हिक्टोरिया राणीवरून 'व्हिक्टोरिए' हे नाव दिले गेले. मूळ झाडाचा गड्डा फोडून वाटे केले तर रोपे हुबेहूब तशीच येतात, पण अशी रोपे वर्षाकाठी निघणार किती? म्हणून विक्रेत्यांनी बीजाणू पेरले आणि आलेल्या रोपांनाही तेच नाव लावून विकायला सुरुवात केली.

हापूसची कोय लावून हापूस मिळत नाही, तशातली ही गत. बीजाणू ओल्या मातीवर पडला की आधी नखाएवढेही नसलेले हिरवे, पत्त्यांतल्या बदामाच्या आकाराचे पातळ पाते तयार होते. त्यावर पाण्याचा थर असेल तरच फलन होते आणि मग खरा नेचा उगवतो. या टप्प्यात गुणांची सरमिसळ होते. एकाच ट्रेमध्ये काही रोपांना सुरेख फुल्या येतात, काहींना अर्धवट, आणि काही सरळ रानातल्या लेडी फर्नवर जातात.

यावर दोन मते आहेत. एक म्हणते, फुली दिसली की नाव द्यावे, नाहीतर हा नेचा सामान्य माणसाच्या बागेत पोचणारच नाही. दुसरे म्हणते, नाव फक्त मूळ झाडाचा गड्डा फोडून केलेल्या रोपांनाच. लागवडीतल्या वनस्पतींच्या नामकरणाचे नियम १९५३ पासून आहेत. त्यांत पुढे समान दिसणाऱ्या वाणांसाठी 'ग्रुप' अशी सोय झाली, आणि बीजाणूंपासून आलेल्या चांगल्या रोपांना 'व्हिक्टोरिए ग्रुप' म्हणावे असे ठरले. तोडगा शहाणपणाचा आहे, पण लेबलावर 'ग्रुप' हा शब्द गाळायला विक्रेत्याचे काहीच जात नाही, आणि तो सर्रास गाळला जातो.

दरम्यान शौकच ओसरला होता. १८९१ मध्ये केंडल गावी उरलेल्या हौशी मंडळींनी संस्था काढली. पहिल्या महायुद्धात माळी गेले, कोळसा संपला, आणि काचघरातले नाजूक संग्रह मोडले. बाहेर लावलेले मात्र कोणी न बघताही जगले. आजचे कित्येक जुने वाण अशा विसरलेल्या बागांतूनच परत मिळाले आहेत.

मग टिश्यू कल्चर, म्हणजे झाडाच्या छोट्या तुकड्यापासून प्रयोगशाळेत हजारो रोपे वाढवण्याची रीत, आली. केळीमुळे जळगावकडे हा शब्द घरोघरी माहीत आहे, आणि नेच्यांतही त्याने तेच केले. १८७६ मध्ये सापडलेला 'बेव्हिस' हा शील्ड फर्न (नेच्याची आणखी एक जात) बीजाणू क्वचितच धरतो, त्यामुळे शतकभर तो ओळखीपाळखीनेच मिळे. आता तो साध्या नर्सरीतही दिसतो. पण प्रयोगशाळा हाती दिलेल्या रोपाच्याच नकला काढते. सुरुवातीचे रोप चुकीच्या नावाचे असेल, तर चूकही हजारोंनी वाढते.

सगळ्या नेच्यांना हा वाद लागू नाही. ड्रायॉप्टेरिस अफिनिस हा नेचा फलनाशिवायच बीजाणूंतून नवे रोप देतो, त्यामुळे त्याची संतती आईवरच जाते. त्याचे झुपकेदार वाण बीजाणूंपासून वाढवलेले, स्वस्तातले घेतले तरी चालतात. लेडी फर्न मात्र हिवाळ्यात पाने पूर्ण टाकतो, म्हणून तो उन्हाळ्यात, पान पुरते उलगडल्यावर, फुल्या डोळ्यांनी पाहूनच घ्यावा.