माहितीचा अर्ज कन्नडमध्येच करावा लागतो का?

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात वर्षानुवर्षे फिरणारा संदेश असा: ‘माहिती अधिकाराचा अर्ज कन्नडमध्येच हवा आणि माहिती कशासाठी हवी, तेही लिहावे लागते.’

२००५ च्या कायद्याचे सहावे कलम सरकारी संकेतस्थळावर कोणालाही ताडून पाहता येते. अर्ज इंग्रजी, हिंदी किंवा त्या क्षेत्राच्या राजभाषेत करता येतो. येथे ती भाषा कन्नड असल्याने मराठी अर्जाचा आग्रह या कलमाच्या आधारे धरता येत नाही, हे कटू असले तरी खरे आहे, पण कन्नड न येणाऱ्याला उरलेले दोन मार्ग मोकळे आहेत. ज्याला लिहिताच येत नाही, त्याचे तोंडी म्हणणे लेखी उतरवण्यास साहाय्य करणे हे माहिती अधिकाऱ्याचे कर्तव्यच आहे.

कारणाचा प्रश्न दुसऱ्या पोटकलमाने मिटवला आहे: अर्जदाराला माहिती मागण्याचे कारण विचारता येत नाही आणि संपर्कापुरत्या तपशिलाखेरीज त्याच्याकडे कोणतीही वैयक्तिक माहिती मागता येत नाही. गावच्या रस्त्याचे मोजमाप पुस्तक मागताना ‘तुमचा काय संबंध?’ असे कोणी विचारलेच, तर हे पोटकलम नम्रपणे दाखवावे आणि शिक्क्यासह पोच घ्यावी. ३० दिवसांची मुदत अर्ज मिळाल्यापासून मोजली जाते आणि ती उलटल्यास माहिती विनामूल्य द्यावी लागते.