शोभापट्टी (स्वयंपाकघरातील कपाटांवरील)

शोभापट्टी म्हणजे कपाटाचे दार, खणाची दर्शनी फळी किंवा कपाटाची वरची-खालची कड यांवर शोभेसाठी बसवलेली लाकडाची, एमडीएफची (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या फळीची), प्लास्टिकची किंवा धातूची अरुंद पट्टी. बोलण्यात तिला बीडिंग किंवा मोल्डिंग म्हणतात. सपाट दारांच्या रंगवलेल्या कपाटांना जुन्या वळणाचे, म्हणजे ‘रेट्रो’ रूप देण्याचा हा कमीत कमी तोडफोडीचा मार्ग. दारे तीच राहतात. बदलते ती त्यांच्यावर पडणारी सावली.

मुळात ही पट्टी कामाची होती. जुनी दारे चौकट आणि मधली फळी अशी बनत. दमटपणा वाढला-घटला की लाकूड रेषांच्या आडव्या दिशेने फुगते व आकसते, म्हणून मधली फळी चिकटवून न टाकता खोबणीत सैल ठेवत. काही दारांत ती खाचेत बसवून वरून बारीक पट्टीने अडवत, आणि त्या पट्टीने सांधाही झाकला जाई. प्लायवूड व एमडीएफचे अखंड दार तसे हलत नाही, त्यामुळे पट्टीचे काम संपले. आज दारावर लावतात ती पट्टी काहीच अडवून धरत नाही. तशी ती धरते आहे असा भास निर्माण करते. हा भास टिकवायचा तर चौकट जिथे असायला हवी होती तिथेच पट्टी यावी लागते.

‘रेट्रो’ हा शब्द मात्र सैल आहे. १९४०–५० च्या दशकांतील अमेरिकी स्वयंपाकघरांत सिंकवरच्या खिडकीच्या माथ्याशी, दोन कपाटांच्या मधे, कमानीकमानींच्या कडेची लाकडी झालर दिसे. त्याच काळात फॉर्मायकाच्या, म्हणजे सनमायकासारख्या कडक पातळ पत्र्याच्या, ओट्यांना व टेबलांना खाचा असलेली अ‍ॅल्युमिनियमची किंवा क्रोमची चकचकीत कड असे. (१९१२ मध्ये फॉर्मायका तयार झाला तो विजेच्या कामात अभ्रकाऐवजी वापरण्यासाठी, स्वयंपाकघरात तो नंतर शिरला.) झालर घरगुती, हस्तकलेच्या वळणाची, तर धातूची कड यंत्रयुगाची. दोन्ही एकाच कपाटावर आल्या की कपाट कोणत्याच काळाचे वाटत नाही.

झालर कापताना हिशेब आधी करावा लागतो. ९० सेंमी रुंदीच्या फळीवर १० सेंमीच्या ९ कमानी नेमक्या बसतात आणि विषम संख्येमुळे एक कमान बरोबर मध्यावर येते. हिशेब न करता कमानी एका टोकापासून आखत गेल्यास दुसऱ्या टोकाला अर्धवट तुकडा उरतो, आणि नजर नेमकी तिथेच जाते.

दारावरची पट्टी साधारणपणे कडेपासून ५–६ सेंमी आत, चौकोनात बसवतात. हेच अंतर जेमतेम १५ सेंमी उंचीच्या खणावर राखले तर मध्ये चिंचोळी चीर उरते. असे खण कोरे ठेवलेले बरे. पट्टी फार पातळ असली तर रंगाच्या थरांत तिचे कंगोरे बुजतात. दार आणि पट्टी एकाच रंगात असली की ती दाराचाच भाग वाटते. वेगळा रंग उठून दिसतो, पण कोपऱ्यातली प्रत्येक फटही उठवतो.

बसवण्यात खरी गोम पृष्ठभागाची आहे. चकचकीत रंगावर सुतारी गोंद लावला तर पट्टी लाकडाला नव्हे, रंगाच्या थराला चिकटते आणि पुढे त्या थरासकट सुटते. त्यामुळे आधी तेलकटपणा धुऊन, पट्टीखालची जागा पॉलिश पेपरने लाकूड दिसेपर्यंत घासतात. कोपरे ४५ अंशांत कापतात. दार नेमके काटकोनात नसेल तर तुकडा जागेवर धरून कोन जुळवावा लागतो. गोंद वाळेपर्यंत पट्टी बारीक खिळ्यांनी धरतात. खिळ्याची लांबी पट्टी आणि दार यांच्या एकत्रित जाडीहून कमी हवी, नाहीतर टोक आतल्या बाजूने बाहेर येते. खिळ्यांच्या खड्ड्यांत लांबी (पुट्टी) भरतात, फटींत अ‍ॅक्रिलिक भरणी. सिलिकॉन इथे वापरत नाहीत, कारण त्यावर रंग धरत नाही. एमडीएफची कापलेली टोके रंग शोषून घेतात, म्हणून त्यांना प्रायमरचा जादा हात लागतो.

खऱ्या चौकट-फळीच्या जुन्या दारावर पट्टी लावताना ती चौकट किंवा फळी यांपैकी एकालाच चिकटवावी. दोन्हींना चिकटवली तर फळी अडकते आणि रंगाला, कधी फळीलाही, तडा जातो.

पट्टीमुळे दाराची जाडी वाढते. कोपऱ्यातल्या दारांची पट्टी शेजारच्या खणाच्या मुठीला अडकत नाही ना, हे चिकटवण्याआधीच दार उघडून पाहतात. शेगडीलगत पीव्हीसीची पट्टी टाळतात, कारण ८० अंश सेल्सिअसच्या आसपास ती मऊ पडू लागते. आणि कंगोरे जितके खोल, तितके त्यांत तेल व धूळ साचते. कोरणी फार केली तर ती टूथब्रशने साफ करावी लागते.

कपाटे फार जुनी असतील तर त्यांच्या रंगात शिसे असू शकते. अमेरिकेत घरगुती रंगांतील शिशावर १९७८ मध्ये बंदी आली. असा रंग कोरडा घासू नये. आधी त्याची चाचणी करून घेतात.