फोटो कापून पाठवू नका
(इंग्रजी कागद वाचून घ्यायला येणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी)

सकाळी शटर वर करायच्या आधीच व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो येऊन पडलेले असतात. बऱ्याच फोटोंत एकच ओळ असते, बाकीचा कागद कापलेला. खाली विचारलेलं असतं, ‘सर, याचा अर्थ काय?’ आमचं उत्तर ठरलेलं आहे : पूर्ण पान पाठवा. त्यावर काहीजण रागावतात. एका शब्दासाठी पानाचे पैसे लावतात, असंही बोललं जातं. म्हणून हे पत्रक.

मागे एका काकांनी विम्याच्या पत्रातला तुकडा पाठवला होता : ‘द क्लेम वुड हॅव बीन पेड.’ क्लेम म्हणजे दावा, पेड म्हणजे दिलेला, हे त्यांनी मोबाइलवर बघून ठेवलेलं. पैसे नक्की कुठल्या खात्यात जमा झाले, एवढंच त्यांना हवं होतं. आम्ही पान मागवलं. तुकड्याच्या वरच्या ओळीत होतं, ‘हॅड यू रिन्यूड द पॉलिसी इन टाइम.’ म्हणजे पॉलिसीचं नूतनीकरण वेळेत केलं असतं, तर दावा मिळाला असता. मिळालेला नव्हता. आणि त्याच पानाच्या तळाशी तक्रार करायची मुदत छापली होती, तीही फोटोबाहेर राहिलेली.

यात काकांची चूक फारशी नाही. मराठीत ‘केलं असतं तर’ ऐकलं की कोणालाही कळतं. या इंग्रजी वाक्यात ‘इफ’सुद्धा नाही, ‘हॅड’ हा शब्द ‘यू’च्या आधी येऊन बसलाय, एवढीच काय ती खूण. तेव्हा पुढे प्रश्नचिन्ह नसताना वाक्य ‘हॅड’, ‘शुड’ किंवा ‘वेअर’ने सुरू झालं, तर मनात ‘जर’ घालून वाचा. बँकेच्या नोटिशीतलं ‘शुड यू फेल टु पे’ म्हणजे ‘तुम्ही भरले नाहीत तर’. ‘शुड’चा शाळेतला ‘पाहिजे’ इथे लावलात तर ‘तुम्ही भरता कामा नये’ असं काहीतरी भलतंच निघतं.

शब्दांचंही तेच. ‘सँक्शन’ कर्जाच्या पत्रात मंजुरी असते आणि परदेशांच्या बातमीत निर्बंध. ‘आउटस्टँडिंग’ मुलाच्या प्रगतिपुस्तकात आलं तर पेढे वाटा, कर्जाच्या उताऱ्यात आलं तर ती अजून फेडायची राहिलेली रक्कम आहे. ‘कन्सिडरेशन’ खरेदीखतात मोबदला होतो. भारतीय करार कायद्यात, म्हणजे 1872 पासून, तो याच अर्थाने आहे. अर्जाच्या उत्तरात ‘अंडर कन्सिडरेशन’ आलं की मात्र अर्ज अजून विचाराधीन. शब्दकोशात हे सगळे अर्थ दिलेले असतात. आपल्या कागदाला त्यातला कुठला लागू, हे आजूबाजूच्या ओळी सांगतात.

कधीकधी पूर्ण वाक्यही पुरत नाही. ‘द अ‍ॅप्लिकेशन वॉज नॉट रिजेक्टेड बिकॉज इट वॉज लेट.’ अर्ज नाकारलाच नाही, की नाकारला पण उशिरामुळे नाही? पुढची ओळ वाचल्याशिवाय आम्ही यावर बोलत नाही. आधीचं पत्र मागतो तेही त्यासाठीच, तुमच्या भानगडीत नाक खुपसायला नव्हे.

खाते क्रमांक दाखवायचा नसेल तर त्यावर कागदाची पट्टी ठेवून फोटो काढा. तारखा झाकू नका. मागची बाजू कोरी वाटली तरी एकदा उलटून बघा, अटी बहुधा तिथेच बारीक अक्षरात असतात. आणि प्रत्येक शब्दावर पेन्सिलीने मराठी अर्थ लिहून आणू नका. खालचं मूळ अक्षर दिसेनासं होतं आणि खोडण्यात आमचा अर्धा तास जातो.

दुकानात कागद घेऊन आलात तर पहिलं पान वाचून समजावण्याचे पैसे आम्ही घेत नाही, मग काम पुढे आमच्याकडे द्या वा देऊ नका. लेखी भाषांतराचा दर पानावर आहे, तक्ता भिंतीवर लावलाय. उत्तराचा मसुदाही इथेच करून मिळतो. टपालाने आलेलं पत्र असेल तर पाकीट फेकू नका, सोबत आणा. पत्र कधी आलं हे दाखवायची वेळ आली तर त्यावरचा शिक्का कामाला येतो.