बायप्लेन फायटरचं स्केल मॉडेल

एकावर एक दोन पंख असलेल्या जुन्या लढाऊ विमानाची ठराविक प्रमाणात लहान केलेली प्रतिकृती म्हणजे बायप्लेनचं स्केल मॉडेल. यात पहिल्या महायुद्धातली सॉपविथ कॅमल, एसई-५ए, फोकर डी-७ येतात आणि १९३० च्या दशकातलं ग्लॉस्टर ग्लॅडिएटर पण येतं. काही जण बाल्सा लाकडात सगळा सांगाडा स्वतः बांधतात, पण बहुतेक लोक प्लॅस्टिकचं किट घेतात, त्यामुळे इथे मुख्यतः त्याबद्दलच लिहिलंय.

नेहमीचे स्केल तीन, १/७२, १/४८ आणि १/३२. कॅमलचे पंख खऱ्या विमानात या टोकापासून त्या टोकापर्यंत ८.५३ मीटर, म्हणजे १/७२ मध्ये साधारण ११८ मिमी, १/४८ मध्ये १७८ आणि १/३२ मध्ये २६७ मिमी. एडुअर्ड या चेक कंपनीची १/४८ मधली किट्स लोकप्रिय आहेत. न्यूझीलंडच्या विंगनट विंग्सने तर १/३२ मध्ये पहिल्या महायुद्धाच्या विमानांची अशी किट्स काढली की कंपनी २०२० मध्ये बंद पडली तरी लोक अजून ती शोधत असतात. पहिल्यांदाच करत असाल तर १/४८ घ्या, १/७२ मध्ये दोन पंखांना जोडणारे खांब इतके बारीक असतात की हात बसायच्या आधीच कंटाळा येतो.

एकपंखी विमानाचं मॉडेल आणि हे यात खरा फरक क्रमाचा आहे. एकपंखीत आधी जोडायचं, मग रंगवायचं असं चालतं. इथे दोन पंखांच्या मधे खांब, तारा, पुढे मशीनगन, त्यामुळे वरचा पंख एकदा चिकटला की आत ब्रशच जात नाही. म्हणून खालचा पंख आणि बॉडी जोडून रंगवायची, वरचा पंख वेगळा रंगवायचा, डेकल (पाण्यात भिजवून चिकटवायची छापील चित्रं) लावून घ्यायचे, तारांसाठीची भोकं पाडून घ्यायची आणि मगच दोन्ही एकत्र आणायचे. भोकं पिन व्हाइसमध्ये (बारीक ड्रिल धरून बोटांनी फिरवायची दांडी) ०.३ मिमीचं ड्रिल लावून हाताने पाडतात, हळूहळू, कारण पंख पातळ असतो आणि ड्रिल आरपार गेलं की वरच्या बाजूला पुटी भरून परत रंग देत बसावं लागतं.

रंगाची गंमत वेगळीच आहे. ब्रिटिश विमानांच्या वरच्या बाजूला पीसी-१० नावाचा रंग असायचा, त्यात पिवळी माती आणि काजळी, त्यामुळे तो कधी हिरवट कधी तपकिरी दिसतो आणि कुठली छटा बरोबर यावर मॉडेलवाले अजून भांडतात. माझं मत विचाराल तर दोन्हीकडे झुकणारी छटा चालते, एकच बरोबर असं धरून बसू नये. जर्मन विमानांवर बहुकोनी ठिपक्यांचं छापील कापड असायचं, त्याला लॉझेंज म्हणतात, रंगवायचा वेळ आणि रंगाचं वजन दोन्ही वाचायचं. मॉडेलमध्ये ते डेकलने येतं, आणि पंखाच्या वरच्या बाजूचं गडद व खालचं फिकं असतं हे विसरू नका. अल्बाट्रॉस या जर्मन विमानाची बॉडी प्लायवुडची, तिथे लाकडाच्या रेषा दाखवायच्या असतात: आधी फिकट पिवळसर ॲक्रिलिक, ते वाळलं की त्यावर तपकिरी ऑइल पेंटचा अगदी पातळ थर आणि जवळजवळ कोरडा ब्रश एकाच दिशेने ओढायचा, थरथरता हात असला तरी चालतो उलट रेषा जास्त खऱ्या वाटतात. मग दोन-चार दिवस वाळू द्यायचं, वर पारदर्शक वार्निश. कॅमलचं रोटरी इंजिन अख्खंच प्रोपेलरबरोबर गरागरा फिरायचं आणि वंगण म्हणून वापरलेलं एरंडेल मागे उडायचं, त्यामुळे बॉडीच्या खालच्या बाजूला तेलाचे हलके डाग दिले तर विमान उडालेलं वाटतं.

आता वरचा पंख. कॅमलमध्ये खालच्या पंखाला टोकाकडे वर जाणारा चढ आहे, वरचा पंख मात्र सरळ आहे, म्हणजे दोघांमधली जागा टोकाकडे कमी होत जाते. हे समोरून बघितल्यावर लगेच कळतं, आणि चुकलं तरी लगेच कळतं. आधी गोंद न लावता सगळं बसवून बघा, मग मॉडेल उलटं करून वरचा पंख टेबलावर टेकवून खांब त्याच्या खाचांमध्ये बसवा. मधले खांब आधी पक्के होऊ द्यायचे, ते सरळ आहेत ना हे समोरून आणि वरून बघायचं, मग बाहेरचे. जिग, म्हणजे पंख योग्य कोनात धरून ठेवणारा साचा, असेल तर उत्तम, नसेल तर जाड पुठ्ठ्यातून मापाने खाचा कापून घेतल्या तरी काम होतं.

मग रिगिंग, म्हणजे पंखांमधल्या तारा बांधणं, ज्याच्यासाठी खरं तर हा सगळा खटाटोप. काही तारा उडताना पंख वर उचलला जातो तेव्हाचा ताण घेतात, काही जमिनीवर पंखाचं वजन धरतात, म्हणून त्या उलट-सुलट तिरक्या जातात. हे समजलं की चित्र न बघताही कुठली तार कुठे जाईल ते बरचसं कळतं. ब्रिटिश विमानांत तार पट्टीसारखी चपटी असायची, जर्मन विमानांत गोल केबल. मॉडेलमध्ये इलॅस्टिक धागा, मासेमारीचा बारीक नायलॉन किंवा तापवून ताणलेलं स्प्रू (किटचे भाग ज्या प्लॅस्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात तिची काडी) वापरतात. ६ मिमीची तार १/४८ मध्ये ०.१२५ मिमी होते, त्यामुळे ०.१२ चा नायलॉन छान दिसतो, त्याहून जाड घेतलात तर विमानाला दोरखंड बांधल्यासारखं वाटतं. खालच्या भोकात टोक घालून सुपर ग्लूचा कणभर ठिपका टूथपिकने द्यायचा, वाळलं की ताणून दुसरं टोक वरच्या भोकात घालायचं आणि ताण धरूनच दुसरा ठिपका. ताणलेलं स्प्रू सैल पडलं तर ज्योत विझवून धुमसत ठेवलेल्या अगरबत्तीचं गरम टोक जवळ न्यायचं, न टेकवता, तार डोळ्यासमोर ताठ होते. जास्त वेळ धरलं तर तुटते.

प्रोपेलर आणि छोट्या गोष्टी अगदी शेवटी. तारा असलेलं मॉडेल उघड्यावर ठेवू नका, धूळ तारेवर बसते आणि मऊ ब्रशनेसुद्धा पुसताना तार निसटते, काचेच्या पेटीत ठेवलं तर वर्षानुवर्षं तसंच राहतं.