उतारावरील कृत्रिम हिरवळीचे क्रीडांगण

घराभोवतीच्या उतरत्या आवारात कापणी-भराव करून (वरच्या अंगाची जमीन कापून खालच्या अंगाला भरून) सपाटी तयार करायची आणि तिच्यावर प्लॅस्टिकच्या धाग्यांची हिरवळ अंथरून लहान मैदान करायचे, अशी ही बांधकामपद्धती. बॅडमिंटन, पिकलबॉल, टेनिस किंवा बॉक्स क्रिकेटसाठी अशी मैदाने करतात. बोलीत त्यांना नुसते ‘टर्फ’ म्हणतात. साताऱ्यातील अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याच्या वस्त्या, यवतेश्वर-कास रस्ता, पाचगणी-महाबळेश्वर परिसर येथे सपाट आवार सहसा मिळत नाही.

कृत्रिम हिरवळीचा उगम अमेरिकेतील, याबद्दल वाद नाही. श्रेय कोणाचे, याबद्दल आहे. शहरी मुलांना खेळायला मऊ जमीन मिळावी, या हेतूने १९५० च्या दशकात फोर्ड फाउंडेशनच्या पाठबळावर विचार सुरू झाला. एकस्वाचा (पेटंटचा) अर्ज १९६५ मध्ये दाखल झाला व ते १९६७ मध्ये मिळाले. त्यावर जेम्स फारिया आणि रॉबर्ट राइट यांची नावे आहेत. काही लेखक मात्र वस्त्रतंत्रज्ञ डेव्हिड चेनी यांना जनक मानतात. एकस्व हा लेखी पुरावा असल्याने फारिया-राइट यांचा पक्ष बळकट वाटतो. मात्र संशोधन अनेकांच्या हातून झाले, हेही नाकारता येत नाही. पहिल्या मैदानाबाबतही असाच घोळ आहे. ह्यूस्टनचे ॲस्ट्रोडोम हे छत असलेले क्रीडागार पहिले, असे सर्रास लिहिले जाते. तेथील छताच्या अर्धपारदर्शक प्लॅस्टिकच्या तावदानांतून तिरीप खेळाडूंच्या डोळ्यांवर येई, म्हणून ती तावदाने रंगवली. उजेडाअभावी गवत मेले आणि १९६६ मध्ये कृत्रिम हिरवळ आली. पण अमेरिकेतल्याच प्रॉव्हिडन्स येथील मोझेस ब्राउन शाळेत ती १९६४ मध्येच अंथरली होती. तेव्हा पहिलेपणाचा मान शाळेचा, प्रसिद्धीचा ॲस्ट्रोडोमचा, असे मानणे योग्य. भारतीयांना या पृष्ठभागाची ठळक ओळख झाली ती १९७६ च्या माँट्रिऑल ऑलिंपिकमधील हॉकीमुळे.

उतारावर खरे काम हिरवळीचे नसून तिच्याखालच्या जमिनीचे व पाण्याचे असते. बॅडमिंटनचे दुहेरी मैदान १३.४ × ६.१ मी. असते, मोकळी जागा धरून १५ × ८ मी. लागते असे समजू. आवाराचा उतार १:१० असेल आणि मैदानाची लांबी उताराच्या दिशेने ठेवली, तर दोन टोकांत दीड मीटरचा फरक पडतो. तीच लांबी उताराला आडवी ठेवली, तर फरक ८० सेंमी. इतकाच राहतो. निम्मी कापणी, निम्मा भराव धरल्यास भरावाची उंची पहिल्या मांडणीत ७५ सेंमी., तर दुसऱ्या मांडणीत ४० सेंमी. होते. भराव धरून ठेवणाऱ्या धारक भिंतीवरील मातीचा रेटा उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे केवळ दिशा बदलल्याने तो सुमारे साडेतीन पटींनी कमी होतो. जागा आखतानाच हा विचार व्हायला हवा, नंतर तो करता येत नाही.

कापणी व भराव समसमान असावेत, असे एक मत आहे; निघालेला मुरूम तेथेच जिरतो आणि वाहतूक वाचते. दुसऱ्या मतानुसार संपूर्ण मैदान कापलेल्या मूळ जमिनीवरच असावे, कारण भराव खचतो आणि कापणी-भरावाच्या सांध्यावर पृष्ठभागात आडवी रेघ उमटते. सातारच्या पश्चिम भागातील पाऊस पाहता दुसरे मत सुरक्षित दिसते. भराव टाळता येत नसेल, तर मुरूम १५ ते २० सेंमी.च्या थरांनी, पाणी मारून, रोलर किंवा धुमसाने दाबावा. जेसीबीने एकदम लोटलेला ढीग वरून दाबून भागत नाही.

या डोंगरांत बेसाल्टचे थर एकावर एक आडवे आहेत. त्यांच्यामधल्या तांबड्या मातकट थरांवर पाणी अडते आणि पावसाळ्यात उतारावर पाझर फुटतात. म्हणून मैदानाच्या वरच्या अंगाला आधी चर काढावा लागतो. डोंगरी शेतीतल्या कोरड्या दगडी ताली पाणी आपोआप सोडतात. काँक्रीटची भिंत ते अडवते, म्हणून तिच्यामागे खडीचा पडदा व भिंतीत निचऱ्याची छिद्रे लागतात. पहिल्या सरींत या छिद्रांतून गढूळ पाणी येऊन नंतर ते निवळले, तर चिंता नसते. प्रत्येक पावसात ते गढूळच राहिले, तर भरावातली बारीक माती वाहून चालली आहे, असे समजावे.

पाया खडी-कच यांचा किंवा काँक्रीटचा असतो. दोन्हींत वरचा पृष्ठभाग पूर्ण समतल न ठेवता साधारण १:१०० इतका, एकाच प्रतलात उतरता ठेवतात. मधे उंच व दोन्हीकडे उतार अशी रचना चेंडूच्या खेळाला मारक ठरते. गवंडी पाण्याच्या नळीने ही पातळी धरतात आणि लहान मैदानाला ते पुरते. हिरवळीच्या पट्ट्यांचे सांधे कोरड्या हवेतच चिकटवावेत.

राज्याच्या २०२० च्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीनुसार १:५ किंवा त्याहून तीव्र उतारावर कापणी, सपाटीकरण व भराव यांना सर्वसाधारणपणे मनाई आहे. महाबळेश्वर-पाचगणी क्षेत्र २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून अधिसूचित आहे.

सांगलीत प्रश्न वेगळा आहे. कृष्णाकाठची जमीन सपाट. पुरापासून बचावासाठी जोते उंचावले की आवारात उतार तयार होतो. तेथील काळी माती पावसात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून ती काढून मुरूम भरतात. शिराळा तालुक्याच्या डोंगरी पट्ट्याला मात्र साताऱ्याचेच नियम लागू पडतात.

धाग्यांमध्ये सिलिका वाळू किंवा रबराची भुकटी भरतात. उतारावर वाळूच घ्यावी. भुकटी पावसाबरोबर ओढ्यात आणि तेथून वेण्णा, उरमोडी, कृष्णेत जाते. युरोपीय संघाने २०२३ मध्ये अशा सूक्ष्म प्लॅस्टिक भरणावर टप्प्याटप्प्याने बंदी जाहीर केली आहे. एप्रिल-मेच्या उन्हात कृत्रिम हिरवळ नैसर्गिक गवतापेक्षा कितीतरी अधिक तापते, त्यामुळे खेळ सकाळी किंवा दिवेलागणीनंतरच ठेवतात.