लिव्ह अँड लायसन्स (महाराष्ट्र)

महाराष्ट्रात राहते घर भाड्याने देण्याघेण्याची आज सर्वांत रूढ असलेली पद्धत. बोलण्यात ‘अकरा महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट’. रोजच्या भाषेत घर घेणाऱ्याला भाडेकरूच म्हणतात, पण कायद्याच्या लेखी तो परवानाधारक असतो. त्याला राहण्याची परवानगी मिळते, जागेवर हक्क मिळत नाही. त्याच्या डोक्यावरचे छप्पर किती भक्कम, हे या एका फरकावर ठरते.

ही पद्धत रुजण्यामागे जुन्या भाडे कायद्याचा इतिहास आहे. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने प्रमाण भाडे (मालकाला घेता येणारे कमाल भाडे) १९४० च्या पातळीला बांधले आणि भाडेकरूला सहजी काढता येईना. चाळींतल्या हजारो कुटुंबांना त्याने तारले. दुरुस्तीला पैसा न सुटल्याने इमारती मात्र खचत गेल्या आणि नव्या भाडेकरूकडून पागडी, म्हणजे घर देताना भाड्याव्यतिरिक्त एकरकमी पैसे, घेण्याची रीत पडली. मालक मग परवान्याचा आडमार्ग धरू लागले. त्यावर १९७३ च्या दुरुस्तीने, १ फेब्रुवारी १९७३ रोजी चालू परवान्यावर राहणाऱ्यांना थेट भाडेकरूचा दर्जा दिला. मालकांनी याची धास्ती घेतली आणि घर देण्यापेक्षा कुलूप लावून ठेवलेले बरे, असे अनेकांना वाटू लागले. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही गोठवलेले भाडे अवाजवी ठरवले.

३१ मार्च २००० पासून लागू झालेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ ने दोन्ही गट वेगळे केले. जुन्या भाडेकरूचे भाडे वर्षाला ४ टक्के वाढते आणि त्याचे संरक्षण कायम आहे. परवानाधारकाला मात्र मुदत संपताच घर सोडावे लागते. न सोडल्यास दुप्पट भाडे लागू होते आणि मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे (अशा प्रकरणांसाठी नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याकडे) जाऊन लवकर ताबा मिळवू शकतो. डिपॉझिट अडकलेल्या परवानाधारकासाठी असा झटपट मार्ग नाही, आणि ही उणीव गंभीर आहे.

त्याच्या हाती एक भक्कम कलम आहे, ते म्हणजे ५५. करार लेखी करून त्याची नोंदणी करणे ही मालकाची जबाबदारी. ती टाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. शिवाय वाद झाला तर, उलट सिद्ध होईपर्यंत, घर घेणारा सांगेल त्याच अटी खऱ्या धरल्या जातात. अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, हा समज महाराष्ट्रात चुकीचा आहे. आता एजंट लॅपटॉप आणि अंगठ्याचे यंत्र घेऊन घरीच येतो, स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभ्या उभ्या फोटो-ठसे होतात. त्या घाईत करार पूर्ण वाचायचा राहून जातो. भांडण पुढे नेमके तिथेच उभे राहते: रंगकामाचे पैसे कोणाचे, लॉक-इन (ज्या काळात करार मोडता येत नाही) किती, नोटीस किती दिवसांची. पंखे, गिझर, भिंतींची अवस्था यांची नगवार यादी करारालाच जोडली, तर डिपॉझिट कापायला सबब उरत नाही.

परवडण्याच्या बाबतीत कायदा जवळजवळ गप्प आहे. परवाना शुल्कावर, म्हणजे परवानाधारकाच्या भाड्यावर, मर्यादा नाही, डिपॉझिटवरही नाही. नूतनीकरणाच्या वेळची वाढ, नवी दलाली आणि सामान हलवण्याचा खर्च एकदमच अंगावर येतात. मुलांची शाळा बदलण्याची पाळी येते ती वेगळीच. केंद्राने २०२१ मध्ये मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरार अधिनियमात राहत्या घराचे डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्यापुरते ठेवले आहे आणि भाडेवाढीआधी तीन महिने लेखी सूचना मागितली आहे. पण तो नमुना आहे; राज्याने स्वतःचा कायदा केल्याशिवाय तो कोणाला बांधत नाही.